खात्यातला गुणाजी

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
१६ जानेवारी १९८९

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

काल ठाण्यापर्यंत आले आणि कोलशेतला तुमच्याकडे न येताच परतले, म्हणून वहिनी फुगली असेल. तिला सांग, नणंद पुढच्या रविवारी जेवायला येऊन सगळी बोलणी खाईल. काल डोकं इतकं भरलं होतं की कुणाशी बोलावंसंच वाटेना.

तू म्हणशील, नर्सबाईला आता कसलं शिक्षण? आमच्या दवाखान्यात एमआयडीसीतले कामगार येतात. झोप नाही, छातीत धडधडतं, भूक मेली. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, मी पुडी बांधते. त्यातल्या कितीतरी जणांना मटक्याने आतून पोखरलंय हे आम्हाला फार उशिरा कळलं. डिसेंबरात त्यातल्या एकाने ढेकणाचं औषध प्यायलं. वाचला नाही. त्याची बायको दवाखान्याच्या पायरीवर मला म्हणाली, "सिस्टर, इतक्या वेळा हे आले तुमच्याकडं, तुम्हाला एकदाही कळलं नाही?" ती भांडत नव्हती रे, नुसती विचारत होती. 

म्हणून मी नाव दिलं. चरईतल्या एका शाळेत दर रविवारी वर्ग असतो. जुगाराच्या नादातून माणसाला बाहेर कसं आणायचं, घरच्यांना कसा आधार द्यायचा, नवे लोक त्यात पडू नयेत म्हणून काय करायचं, असं सगळं शिकवणार आहेत. शिक्षक, युनियनवाले, दोघी नर्सा, असे आम्ही मोजके लोक. शिकवतात त्या सरस्वती तरे. तुमच्याच बाजूच्या, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. मनोरुग्णांमध्ये काम करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय. आवाज खणखणीत, पण समोरचा बोलत असला की मान खाली घालून ऐकतात.

काल पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. सरावासाठी एक मास्तर जुगारी झाले आणि मी समुपदेशक. (हा शब्द म्हणताना जीभ वळत नाही अजून.) मी सुरू केलं, "अहो, बायकापोरांचा तरी विचार करा." तरेबाईंनी लगेच थांबवलं. म्हणाल्या, "कांता, हे त्याला घरी रोज ऐकायला मिळतं. तेच ऐकायला तो तुझ्याकडं कशाला येईल?" सगळे हसले. मी पण हसले, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

आई बरी आहे. सुजाताची फार आठवण काढते.

तुझी,
कांता


कोलशेत, ठाणे
२१ जानेवारी १९८९

चि. कांता,
जयभीम आणि खूप खूप आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. तू शिकतेस ते चांगलंच आहे. आपल्या घरात कुणी लोकांच्या मनाचं काम करील असं बाबांना वाटलं नसतं.

रविवारी मात्र येऊ नको. आम्ही मालनच्या माहेरी जातोय. आणि एक कर, यापुढे पत्र कंपनीच्या पत्त्यावर टाक. आमच्या चाळीत पोस्टमन एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात टाकून मोकळा होतो.

तुला एक विचारायचंय. आमच्या खात्यात गुणाजी म्हणून एक आहे. स्वभावाने गरीब, कामाला चोख. मटका लागलाय पाठी. दीड-दोन वर्षं झाली असतील. आधी कुणाला पत्ता नव्हता. आता घरातल्या वस्तू जायला लागल्या तेव्हा उघड झालं. शपथा घेऊन झाल्या, रडून झालं. आठ-पंधरा दिवस बरे जातात की पुन्हा तेच. अशा माणसाशी कसं बोलायचं? तुझ्या त्या बाई काय सांगतात? मी त्याला सांगीन. तुझं नाव कुठं येणार नाही.

आईला सांग, सुजाता चाचणीत पास झाली.

तुझा दादा,
देवराम


मानपाडा
३० जानेवारी १९८९

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तू कुणासाठी तरी इतकं विचारलंस, मला खरंच छान वाटलं. काल वर्गात मी मुद्दाम तुझ्या गुणाजीचा विषय काढला. नाव सांगितलं नाही.

तरेबाई म्हणाल्या की हा आजार आहे असं धरूनच बोलायला बसावं. चोर पकडल्यासारखं विचारू नये. किती घालवलं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी विचारावं, दिवसात कुठल्या वेळेला जीव ओढ घेतो? त्या वेळी माणूस कुठं असतो, कुणाबरोबर असतो? ती वेळ दुसऱ्या कशानं तरी भरावी, आणि सोबत कुणीतरी असावं. शपथ अजिबात घ्यायला लावू नये. शपथ मोडली की माणूस स्वतःच्याच नजरेतून उतरतो, आणि तसा उतरलेला माणूस पुन्हा आकडा लावायलाच जातो.

दुसरं म्हणजे पैसा हातात राहू देऊ नये. गुणाजीला सांग, पगार झाला की पाकीट न फोडता बायकोच्या हातात द्यायचं. घर तिला चालवू दे. त्याला रोजचं चहापाण्यापुरतं तिनं द्यावं. हा उपाय बऱ्याच घरांत लागू पडलाय.

येत्या रविवारी येऊ का? वहिनीच्या हातचं खाल्लं त्याला दिवाळी होऊन गेली. ती हल्ली दोन ओळीपण लिहीत नाही. तुमचं बाळ, राहुल, गेल्यापासून ती कमी बोलते हे मला माहीत आहे, पण मागे आलेली तेव्हा तर चांगली हसत होती.

तुझी,
कांता


कोलशेत
८ फेब्रुवारी १९८९

चि. कांता,
जयभीम.

पगाराचा उपाय गुणाजीला लागू होत नाही. का ते विचारू नको. प्रत्येकाच्या घरचं वेगळं असतं.

वेळेचं तू लिहिलंस ते बरोबर आहे. संध्याकाळचा आकडा फुटायच्या आधीचा तास सगळ्यात वाईट. गुणाजी सांगतो, त्या वेळेला चेहरा असा होतो, जसं कुणीतरी लांबून भेटायला येणार आहे आणि आता दार वाजेल. डोळ्यांत पाणी आणि चमक दोन्ही. कुणी हाक मारली तरी ऐकू जात नाही. आणि आकडा फुटला की सगळं विझतं. मग रात्री जेवण नाही, बोलणं नाही.

समजा त्या वेळी माणसाला घराबाहेरच पडू दिलं नाही, तर? कडीकुलपात ठेवलं, तर? चार-सहा महिन्यांत सवय मोडेल का? तुझ्या बाईंना विचार. पण गुणाजीच्या नावाने नको, तसंच विचार.

सुजाताला ताप आहे. या रविवारी पण नको येऊ.

देवराम


मानपाडा
२० फेब्रुवारी १९८९

दादा,
सप्रेम जयभीम.

 आधीच सांगते, रागावू नको.

काल वर्ग सुटल्यावर मी न कळवता कोलशेतला आले. सुजाताला ताप, आणि मी नर्स असून लांब राहायचं, हे मला पटेना. दाराला बाहेरून कुलूप. जरा वेळ पायरीवर बसले. शेजारच्या मनूबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "गावाला गेलीत सगळी." मी निघाले तर नाक्यावर सुजाता दिसली, विहारातल्या मुलांच्या वर्गातून येत होती. ताप नव्हता. मला बघून ती बिलगली नाही दादा. म्हणाली, "आत्या, तू जा. पप्पा रागावतील."

माझ्याने तिला पुढे काही विचारवलं नाही. परत येताना मी सगळं जुळवत बसले. घरी येऊ नको. पत्र घरी टाकू नको. पगार बायकोच्या हातात देता येत नाही. कडीकुलपात ठेवलं तर सुटेल का.

दादा, गुणाजी तूच आहेस ना?

तसं असेल तर मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. आम्हाला शिकवलंय की नाकारणं ही या आजाराची पहिली खूण. तुला लाज वाटते म्हणून तू दुसऱ्याचं नाव पुढे केलंस, एवढंच. पण वहिनीला असं अंधारात ठेवू नको. तिने आधीच फार सोसलंय. पगाराचं पाकीट तिला दे. तुझ्या बहिणीचं एवढं ऐक. आणि माझ्याबरोबर तरेबाईंकडे चल.

आईला मी काही सांगितलेलं नाही.

तुझीच,
कांता


कोलशेत
२५ फेब्रुवारी १९८९

कांता,

चार रविवार शाळेत बसून तू भावाला जुगारी ठरवलंस. नाही म्हणावं तर तीच आजाराची खूण. मग मी बोलायचं काय?

पत्र टाकू नको. येऊ पण नको.

देवराम


कोलशेत
९ मार्च १९८९

कांताताई यांना मालनचा जयभीम.

मी चौथी शिकलेली. अक्षर वाईट आहे, समजून घ्या. हे फर्स्ट शिफ्टला गेलेत. पत्र खिडकीतून सुजाताकडं देईन, ती पेटीत टाकील.

तुमचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं. ओरडून नाही, हळू आवाजात. वाचून झाल्यावर म्हणाले, "आता मीच जुगारी झालो बघ. माझ्याच बहिणीच्या नजरेत." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. त्या दिवसापासून ते आईंचं नाव काढत नाहीत, तुमचं नाव काढत नाहीत. हे मला सहन होत नाही म्हणून लिहिते.

ताई, गुणाजी कुणी नाही. आकडा मी लावते.

तुम्ही आल्या त्या रविवारी मी आत होते. तुमची चप्पल वाजली ती मी ओळखली. तुम्ही पायरीवर बसला तेव्हा मी दाराला पाठ लावून बसले होते. मधे फक्त फळी. तोंडात पदर घातला होता, नाहीतर हाक गेली असती. मनूबाई खोटं बोलली ते माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी. बायकांच्या चिठ्ठ्या तीच गोळा करते.

ह्यांना दोष देऊ नका. कुलूप लावायला ह्यांना किती वेळ लागतो. कडी नीट बसत नाही, दोनदा-तीनदा वाजते. मला आतून सगळं ऐकू येतं. जाताना म्हणतात, "मालन, पाणी भरून ठेवलंय." दुसरं काय बोलणार ते.

तुम्हाला वाटेल, हिला कसली हाव सुटली. मला हाव नव्हती ताई. राहुल इस्पितळात होता तेव्हा त्याच्या खाटेला नंबर होता, सत्तेचाळीस. जन्मून तिसऱ्या महिन्यात गेला तो. घरी आल्यावर सगळे म्हणायचे, गप्प राहा, सुजाताकडं बघ. ह्यांनी त्याला खाडीच्या बाजूला मातीत ठेवलं. बायकांना नेत नाहीत म्हणून मला नेलं नाही. मला जागा पण माहीत नाही. पंधरा-वीस दिवसांनी मनूबाई म्हणाली, "तो नंबर लाव. पोर जाता जाता काहीतरी सांगून गेलं असेल." मी लावला. आणि तोच आला.

पैसे हातात पडले तेव्हा मला पैसे दिसलेच नाहीत. मला वाटलं, पोरानं आपल्याला काहीतरी पाठवलं. माझी आठवण काढली. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

तेव्हापासून रोज वाटतं, आज पाठवील. नाही आला आकडा की वाटतं, माझंच चुकलं, मला वाचता आलं नाही. रिक्षाचा नंबर, रेशनच्या रांगेतला नंबर, सगळ्यात मी त्यालाच शोधते. सोडून दिलं तर तो कायमचा जाईल असं वाटतं. हे ह्यांना मी कधी सांगितलं नाही. त्यांना फक्त कानातलं गेलं ते दिसतं, सुजाताचं दप्तर घेता आलं नाही ते दिसतं. तेही खोटं नाही.

मागच्या आठवड्यात कुलूप राहून गेलं होतं. मी खाडीपर्यंत जाऊन आले. काही केलं नाही. पाणी बघितलं आणि परत आले. हे पण त्यांना माहीत नाही.

आईंना सांगू नका.

तुमची वहिनी,
मालन


(कंपनीच्या गेटवर हातोहात)
१३ मार्च १९८९

दादा,

वहिनीचं पत्र मिळालं. तुझी माफी मी नंतर मागेन, आत्ता वेळ नाही.

मी दवाखान्यातून रजा टाकून आले आहे. आधी तरेबाईंना भेटले. पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आधी कुलूप. बाकी सगळं मागून. आत कोंडलेली बाई खाडीचं पाणी बघून आलीय, तिला एकटी ठेवायची नाही." आणि मी म्हणाले की मी समजावते वहिनीला, तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू नाही. तिच्याशी मी बोलेन. तू तिची नणंद आहेस, नणंदच राहा. तेवढं केलंस तरी फार आहे."

तुझं उत्तर आलं की मी कोलशेतला जाते. किल्ली मिळाली नाही तरी बाहेर बसून राहीन, वहिनीशी फळीतून बोलत राहीन. तुला सुट्टी मिळत असेल तर लगेच ये. नाही तर वॉचमनकडे किल्ली दे, तो माझ्याकडे देईल. इथेच थांबले आहे.

वहिनी खाडीवर जाऊन आली होती. तू हे माझ्याकडून ऐकावंस असं नको होतं, पण तुला कळलंच पाहिजे.

कांता


कोलशेत
४ मे १९८९

चि. कांता,
सप्रेम जयभीम.

इतके दिवस पत्र लिहिलं नाही. तू आठवड्याआड येतेस, मालनबरोबर बसतेस, मासळी निवडतेस, आणि त्या विषयावर एक अक्षर काढत नाहीस. मी बघतोय. पण तोंडावर मला बोलता येत नाही. लिहिताना येतं.

त्या दिवशी मी गेटवर आलो तेव्हा तुझा चेहरा बघून मला वाटलं, मालन गेली. रिक्षात तू काय बोललीस ते मला एक शब्द आठवत नाही. दार उघडल्यावर ती चुलीपाशी बसून शेंगा सोलत होती. मला म्हणाली, "लवकर आलात?" मी तिथेच खाली बसलो. ते कुलूप मी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या भंगारात टाकलं.

तरेबाईंकडे आम्ही जातो. पहिल्या दोन वेळा त्या तिच्याशी एकटीशीच बोलल्या. तिसऱ्यांदा मलाही बोलावलं. मला वाटलं, आता मला कुलपाबद्दल बोलतील. मी उत्तर तयार ठेवलेलं. त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाल्या, "देवराम, राहुल कसा होता? मला सांगा ना. मी बघितला नव्हता."

कांता, दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "डाव्या गालाला खळी होती." तर मालन म्हणाली, "उजव्या." मी म्हटलं, "डाव्या." त्यावरून आम्ही भांडायला लागलो त्या बाईंसमोर, आणि भांडता भांडता दोघंही रडलो. बाईंनी पाण्याचे पेले पुढे सरकवले फक्त.

बाहेर आल्यावर मालन म्हणाली, "मला जागा दाखवा." मी म्हटलं, तिथं आता काही खूण नाही, खारफुटी वाढलीय, ओहोटीच्या वेळी नुसता चिखल असतो. म्हणाली, "चिखल तर चिखल." परवा नेलं. ती मातीवर हात ठेवून बराच वेळ बसली. उठताना म्हणाली, "इथं आहे होय. मला वाटायचं, कुठं असेल." तेवढंच. घरी येऊन तिने भाकऱ्या टाकल्या.

आता पगार मी तुमच्याकडे येऊन आईला देतो आणि आई लागेल तसे घरखर्चाचे पैसे देते. आईला का ते सांगितलं नाही, पण आईला कळत नसेल असं नाही.

मी त्या दिवशी जे लिहिलं, चार रविवार वगैरे, ते विसर.

दादा


मानपाडा
१७ जुलै १९८९

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

वहिनीने पुन्हा आकडा लावला हे तू सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा मला आईसारखा दिसला, बाबा गेल्यावरच्या. तुला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. मलाही आधी तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मी तरेबाईंपाशी जाऊन म्हणाले, "बाई, आपण हरलो." त्या म्हणाल्या, "हरलो-जिंकलो ही भाषा तिकडची, अड्ड्यावरची. इकडं आपण विचारायचं, आदल्या दिवशी काय झालं होतं." मी वहिनीला ते विचारलं नाही. नणंद आहे ना मी. पण तिने आपणहून सांगितलं. चाळीत बारसं होतं. तिला बोलावलं नव्हतं.

तू तिला काही बोलला नाहीस आणि कुलूपही पुन्हा आणलं नाहीस. ते ती मला दोनदा सांगून गेली.

आमचं प्रशिक्षण संपलं. कागद मिळाला, आईने तो बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलाय. आता दवाखान्याच्या मागच्या खोलीत आठवड्यातून एक दुपार मी बसते. कंपन्यांच्या गेटवरही जाऊन बोलतो आम्ही. नव्याने भरती झालेल्या पोरांना सांगतो की पहिल्यांदा लागलेला आकडाच सगळ्यात महाग पडतो. काही ऐकतात, काही मागे जाऊन टाळ्या देतात.

बायकांची एक बैठक पण घेतली. सगळ्या म्हणाल्या, "नवऱ्यासाठी आलोय." मी काही विचारलं नाही. चहा दिला, आणि एका बाईची गोष्ट सांगितली जिला एका नंबरात तिचं गेलेलं मूल दिसायचं. नाव-गाव काही नाही. गोष्ट सांगू का म्हणून आधी वहिनीला विचारलं होतं. तिने दोन दिवस घेतले आणि हो म्हणाली. बैठक संपल्यावर सगळ्या गेल्या. एक मागे राहिली. कप विसळत बसली, विसळलेलेच परत विसळत. मी पण तिच्याबरोबर विसळायला लागले. मग ती बोलली.

दादा, मला जे शिकवलं त्यात सगळीकडे "तो" होता आणि "त्याची बायको" होती. तरेबाईंनी पुढच्या तुकडीसाठी ते बदलायला घेतलंय. मला म्हणाल्या, "मी पण इतकी वर्षं तेच म्हणत आले."

तुझी,
कांता


कोलशेत
३ डिसेंबर १९८९

चि. कांता,
सप्रेम जयभीम.

आईच्या गुडघ्याला आराम पडला हे वाचून बरं वाटलं. इथे सगळं ठीक. मनूबाईने खोली बदलली. का ते कुणी सांगत नाही. जाताना मालनकडे निरोप घ्यायला आली, मालनने तिला चहा दिला. मला आवडलं नाही. मालन म्हणाली, "तिला पण कुणी नाही." 

आज लिहायला बसलो ते वेगळंच सांगायला. काल पगार झाला. दर महिन्याला सरळ तुमच्याकडे येतो तसा येणार होतो, पण आईचा निरोप होता की तुम्ही दोघी घरी नसाल, सोमवारी ये. म्हणून पाकीट घेऊन घरी आलो. मालनला माहीत होतं पाकीट खिशात आहे. आम्ही दोघंही त्या खिशाकडे बघत नव्हतो.

संध्याकाळी म्हणाली, "बाजारात ताजी मासळी आली असेल. मी जाऊन येऊ?" वेळ कुठली ते तुला सांगायला नको. या वेळी ती एकटी बाहेर पडत नाही, कुलूप काढल्यापासून नाही. सुजाता किंवा मी, कुणीतरी असतंच. सुजाता उठायला लागली. मी तिला डोळ्याने बसवलं. पाकीट काढलं, त्यातली एक नोट मालनला दिली आणि बाकीचं फळीवर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. हे बरोबर की चूक, ते मी तरेबाईंना विचारलेलं नव्हतं. मनात आलं आणि केलं.

ती गेली. मी शर्ट चढवला. चपलेत पाय घातला. कांता, मी दारापर्यंत गेलेलो. मग परत आलो आणि सुजाताच्या पुस्तकाला कव्हर घालत बसलो. ते कव्हर कसलं झालंय विचारू नको. सुजाता म्हणाली, "पप्पा, उलटं घातलंत."

बाजार जवळ आहे, तुला माहीत आहे. माणूस जाऊन येईल त्याच्या दुप्पट वेळ झाला. अंधार पडला. नाक्यावर गलका झाला, म्हणजे आकडा फुटला. सुजाता माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, पाढे म्हण. ती म्हणत बसली, मी काही ऐकत नव्हतो.

मग मालन आली. पिशवीत बोंबील होते. तिने पिशवी मोरीत ठेवली, हात धुतले, पदराला पुसले. म्हणाली, "मागं आला नाहीत."

मी म्हटलं, "नाही."

"मी दोनदा वळून बघितलं."

 ती बोंबील साफ करायला बसली. जरा वेळाने, मान वर न करता म्हणाली, "नाक्यावर थांबले होते मी. खोटं कशाला सांगू. बराच वेळ थांबले."

पुढचं मी विचारलं नाही. फळीवरचं पाकीट तसंच होतं, तेही मी उघडलं नाही. सुजाताने ताटं घेतली. मालनने सगळ्यांना वाढलं, मग आपलं ताट घेऊन माझ्या शेजारी बसली, आणि आम्ही जेवलो.

आईला नमस्कार.

तुझा दादा,
देवराम